जोसनावैनीची लाइन

कागदावर तिचं नाव ज्योत्स्ना सुहास ओव्हाळ. पण आंदर मावळातल्या आमच्या पिंपळकुंडात एवढी जोडाक्षरं तोंडात धरून ठेवायला कुणाला सवड नाही. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात ती जोसना झाली, आणि इंटरनेटच्या वायरी ओढायला लागल्यावर सगळ्या गावाची जोसनावैनी. मी इथल्या शाळेत शिकवतो. लोणावळ्याहून मोटारसायकलवर येऊनजाऊन नोकरी, त्यामुळे गावच्या भानगडीत मी अर्धाच असतो. ही भानगड मात्र मी पुरती पाहिली, कारण शाळेचं नेटही तिच्याच वायरीवर चालतं.

ती माहेरची लोणावळ्याची. लग्नाआधी तिथल्या एका केबलच्या ऑफिसात तक्रारींचे फोन घ्यायची. तुंगार्लीच्या बंगल्यांतून माणसं फोनवर अशी ओरडायची की जणू हिनंच जाऊन त्यांची वायर चावली आहे. समोरच्याला आधी पोटभर ओरडू द्यायचं आणि मग हळूच विचारायचं, "साहेब, पिन लावलीय का?" हे ती तिथंच शिकली. पुढे वायरमन दांडी मारायला लागले तेव्हा ती स्वतःच शिडी घेऊन जाऊ लागली. वायरी सोलणं, जोडणं, खांबावर चढणं, सगळं हाताखालून गेलं.

सासर मिळालं ते मात्र असं, की जिथं फोनला रेंज पाहिजे तर टेकडीवरच्या एका काळ्या दगडावर जाऊन उभं राहायचं. लोक त्या दगडाला टावर म्हणायचे. तिथून बोलायचं तर ओरडून बोलावं लागे. त्यामुळे कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलंय, बँकेनं कुणाला कुठला आकडा पाठवलाय आणि जावयाचं पोट कशानं बिघडलंय, हे सगळ्या गावाला एकाच वेळी कळे.

मग सरकारी फायबर आलं. रस्त्याच्या कडेनं चर खणला, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक पेटी बसवली, पेटीत हिरवा दिवा लुकलुकायला लागला आणि माणसं निघून गेली. नेट गावात आलं होतं, पण भिंतीपर्यंत. पंचायतीचा शिपाई त्या पेटीला पिशवी अडकवायचा. सरपंच अंबाजी आबा आल्यागेल्याला हात धरून नेऊन दाखवायचे, "हे आमचं इंटरनेट." पाहुणे मान डोलवून परत जायचे.

ज्योत्स्नानं एकदा विचारलं, "आबा, हे हितून घराघरात कोण नेणार?"

"आता ते आपोआप येत आसंल की," आबा म्हणाले.

आपोआप काही येईना. मग ती तालुक्याला गेली. तिथल्या मॅडमनी सांगितलं की गावातलं कुणी पुढं आलं तर वायर आणि मशीनसाठी सरकारी अनुदान मिळतं. घरटी थोडं महिन्याचं भाडं घ्यायचं आणि लाइन सांभाळायची. ज्योत्स्ना तयार झाली. मॅडमनी चष्मा काढून एकच गोष्ट दोनदा सांगितली.

"पैसा लोकांचा आहे. तेव्हा वायरीतून काय जातंय ते तुम्ही निवडायचं नाही. कुणाचा सिनेमा, कुणाचं भजन, कुणाचा बाजार, सगळं सारख्या वेगानं गेलं पाहिजे. एकाला पुढं, एकाला मागं, असं करायचं नाही."

"मॅडम, मला ते बघायला वेळ कुठाय?" ज्योत्स्ना म्हणाली आणि सही करून मोकळी झाली.

नवरा सुहास देहूरोडच्या डेपोत कामाला. सकाळी जातो, संध्याकाळी येतो, आणि कुठल्याही प्रश्नाला "बघ तुला काय वाटतं" एवढंच उत्तर देतो. त्यामुळे घरातून विरोध असा झाला तो सासूचाच, आणि तोही शिडी धरून. चिमाबाई खाली शिडी घट्ट धरून उभ्या राहायच्या आणि तोंडाचा पट्टा वर सोडायच्या.

"सून खांबावर, सासू खाली. लोकं काय म्हनतील?"

"शिडी चांगली धरली म्हणतील, आत्या."

वानरांनी वायरी चावल्या. एका म्हशीनं शिंगात अडकवून अख्खी गल्ली अंधारात टाकली, म्हणजे नेटच्या बाबतीत. पण पावसाळा संपेपर्यंत गावठाणातल्या बहुतेक घरांत लाइन गेली.

या लाइनचा सगळ्यात मोठा फायदा उचलला तो आक्काबाईंनी. साठी उलटलेल्या या बाई इंद्रायणी तांदूळ पिकवतात. त्यांनी ठाण्याच्या बायकांना व्हिडिओ कॉलवर तांदूळ विकायला सुरुवात केली. मूठभर तांदूळ फोनसमोर धरून विचारायच्या, "वास येतोय न्हवं?" आणि पलीकडून येत नाही म्हटलं की ज्योत्स्नाला हाक, "जोसना, तुजी लाइन कमी पडती गं!"

जो तो आपलं घोडं पुढं दामटायला बघत होता. क्रिकेटवाल्या पोरांना मॅचच्या दिवशी सगळं नेट हवं, भजनी मंडळाला एकादशीला, आणि अंबाजी आबांना त्यांचं भाषण थेट दाखवायचं तेव्हा.

"आबा, तुमचं भाषण आन् आक्काचा तांदूळ एकाच वेगानं जाणार," ज्योत्स्ना म्हणायची. सासरच्या बोलीत तिनं आपलं लोणावळ्याचं बोलणं कालवून टाकलं होतं.

"भाषन जरा पळवत न्हेलंस तर बरंच हाय," आक्काबाई म्हणाल्या. आबासुद्धा हसले.

असं सगळं सुखाचं चाललेलं असताना पप्पूशेठ आले.

पप्पूशेठ तुंगार्लीचे. आधी चिक्कीचं दुकान, मग बंगले भाड्यानं द्यायचा धंदा, आणि आता 'मावळ पाव्हणा' नावाचं अ‍ॅप. शहरातल्या माणसांनी त्यावर बघून मावळातल्या घरांत राहायला यायचं, जाताना तांदूळ नि मध घेऊन जायचं. माणूस वाईट नव्हता. गावातल्या सारिकानं शेताच्या कडेला दोन खोल्या बांधल्या होत्या, त्या याच अ‍ॅपमुळे शनिवार-रविवार भरायच्या. सारिका त्यांचं नाव घेताना पदर सावरायची.

ते ज्योत्स्नाकडे चिक्कीचे खोके घेऊन आले. चहा झाला. मग म्हणाले, "ताई, एक छोटंसं काम. तुमच्या लाइनवर आमचं अ‍ॅप पळालं पाहिजे. बाकीची पाहुण्यांची अ‍ॅपं आहेत ना, ती जरा... दमानं. तुमचा मोबदला मी बघतो."

"तसं करता येत नाही, शेठ. सही केलीय मी."

"सही काय, आम्हीही करतो रोज."

"मग तुम्हाला कळलंच असेल."

पप्पूशेठ हसले, चिक्कीचे खोके तिथेच ठेवून उठले, आणि तिथून थेट अंबाजी आबांकडे गेले. दुसऱ्या दिवशी गावभर एकच शब्द झाला: फुकट. पप्पूशेठ गावाला फुकट नेट देणार. अख्खं नव्हे, त्यात मावळ पाव्हणा उघडेल, पप्पूशेठच्या व्हिडिओंचा चॅनल उघडेल, हवामान आणि एसटीचं वेळापत्रक उघडेल. बाकीचं हळूहळू बघू. त्यांची अट साधी होती. वरच्या वाड्यांना लाइन न्यायचं सरकारी अनुदान आता यायचं होतं, ते ज्योत्स्नाऐवजी त्यांच्या कंपनीला मिळावं असा ग्रामसभेनं ठराव करावा.

आता फुकट या शब्दापुढं कुणाचं काय चालतं? कालपर्यंत वैनी वैनी करणारी माणसं रस्त्यात विचारायला लागली, "त्यो फुकट देतोय, मंग तू कशाचं घेती?" हे परक्यांचं ठीक. चिमाबाईंनीही जेवताना तेच विचारलं.

"आत्या, अहो त्यात तुमच्या लेकीचा व्हिडिओ कॉलसुद्धा लागणार नाही."

"का? येष्टीचं टायम दिसनार हाय की. तितं जाऊन भेटन मी तिला."

ज्योत्स्ना ताटावरून उठली. मला नंतर तिनंच सांगितलं, की पप्पूशेठचा राग नव्हता एवढा. एवढे खांब चढले त्याचं कुणाला काहीच नाही, याचा होता. त्या दुपारी ती पंचायतीत गेली, मशीनसमोर बसली आणि मावळ पाव्हणाचा वेग कमी करून टाकला. बंद नाही केलं. फक्त हळू. इतकं हळू, की अ‍ॅप उघडल्यावर पप्पूशेठचा स्वागताचा फोटो आधी टोपीपुरता यायचा, मग बराच वेळ नुसतं कपाळ, आणि मिशीपर्यंत पोचायच्या आत माणूस फोन खिशात टाकायचा. ज्योत्स्ना स्वतःच्या फोनवर ते बघून मनापासून हसली. त्या रात्री ती छान जेवली.

शनिवारी दुपारी मी तिच्या ओट्यावर बसलो होतो. शाळेचा राउटर बिघडला होता, तो दाखवायला आणला होता. तेवढ्यात सारिका आली. हातात झाकलेलं मोठं पातेलं.

"वैनी, रस्सा आणलाय. भाकरी हाय न्हवं घरात?"

"आज कसला गं?" चिमाबाईंनी आतून येता येता झाकण काढलंसुद्धा. गावठी कोंबडा. वरती तेलाचा तवंग, आणि वासानं आम्ही तिघंही पातेल्याकडं सरकलो.

सारिका मटकन खाली बसली. "मुंबईचे पाव्हणे यायचे व्हते. त्यांनीच सांगितलं, गावठी कोंबडा पायजेल. सकाळी कापला. मसाला वाटला. आन् त्या अ‍ॅपवर आपण व्हय म्हनायचं आसतंय, तवा ते पक्कं व्हतं. पर काल दुपारपास्नं अ‍ॅप उगडतच न्हाई, म्हनलं सकाळच्याला उगडंल. नुस्तं शेठचं कपाळ दिसतंय. मी व्हय म्हनलंच न्हाई, त्ये गेले दुसरीकडं. आता कोंबडा काय परत हिंडाय-फिराय लागतोय व्हय? म्हनलं वैनी आपल्या नेटसाटी उन्हातान्हात फिरती, तिला तरी घालावा. आन् वैनी, जेवून जरा बगशील का माजं? फोनच बिगडला आसंल."

चिमाबाईंनी एव्हाना तंगडी हातात घेतली होती. ज्योत्स्नानं भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला, तोंडाजवळ नेला आणि तसाच धरून राहिली.

"सारिका," ती म्हणाली, "फोन बिघडला नाही. मी अडवलंय ते."

"काय?"

"शेठचं अ‍ॅप. मी मुद्दाम हळू केलं. त्याच्यावर राग होता. तुझं माझ्या ध्यानातच आलं नाही गं."

सारिकानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी राउटरकडे पाहिलं. मग ती उठली, पातेल्यावर झाकण ठेवलं, पातेलं उचललं आणि चालायला लागली. दोन पावलं जाऊन परत वळली आणि चिमाबाईंपुढं हात केला. चिमाबाईंनी तंगडी निमूटपणे पातेल्यात टाकली.

ज्योत्स्ना तशीच पंचायतीत धावली आणि सगळं होतं तसं करून आली. पण गेलेले पाहुणे गेले, आणि सारिका बोलायची बंद झाली. खरी गोष्ट अशी की सारिकानं हे गावात कुणालाच सांगितलं नाही. ज्योत्स्ना गप्प बसली असती तर ग्रामसभेत कुणाला काही कळलंही नसतं. त्यामुळेच तिला चैन पडेना. तिनं सुहासला विचारलं.

"बघ तुला काय वाटतं," सुहास म्हणाला.

"एकदा तरी तुम्हाला काय वाटतं ते सांगा ना!"

सुहासनं बराच विचार केला. "सांगून टाक," तो म्हणाला. "नाहीतर इथून पुढं कुणाचंही नेट गेलं की लोक आपल्याकडंच बघतायत असं तुला वाटेल. आणि नेट तर रोज कुणाचं ना कुणाचं जातंच."

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. पप्पूशेठ इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यात, पोरांना वाटायला चिक्की घेऊन. त्यांनी भाषण चांगलं केलं. विकास, पर्यटन, मावळचं नाव, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी फुकट. क्रिकेटवाल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी विचारलं, कुणाला काही बोलायचंय का. ज्योत्स्ना उभी राहिली.

"मी शेठच्या अ‍ॅपला माझ्या लाइनवर अडवलं होतं," ती म्हणाली. "एक दिवस. रागानं. सारिकाचे पाहुणे गेले त्याच्यापायी. सगळ्यांचं सारखं न्यायचं अशी माझी सही आहे, आणि मीच ती मोडली. तालुक्याच्या मॅडमना मी फोन करून सांगितलंय. आता तुम्ही ठरवा."

एकच गलका झाला. चिमाबाईंनी पदर तोंडाला लावला. पप्पूशेठना तर सण साजरा करावा असं झालं. "बघा! बघा मंडळी! हिच्या हातात तुम्ही लाइन देणार?"

"शेठ, मला एक इचारायचं हाय," आक्काबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "तुमच्या फुकटात माजा ठाण्याचा फोन लागंल का? तोंड दिसतंय त्यो?"

"तो नाही लागणार, मावशी. पण तुमचा तांदूळ आमच्या अ‍ॅपवर टाका की."

"आन् भाव?"

"भाव आम्ही लावतो. तुम्हाला तसदी नको."

"मला लय आवड हाय त्या तसदीची," आक्काबाई म्हणाल्या. बायकांच्या बाजूला हशा पिकला.

मग सारिका उठली. सगळ्यांना वाटलं, आता ही ज्योत्स्नाला फाडून खाणार. ती तिच्याकडे बघतही नव्हती.

"हिनं वाईट केलं," सारिका म्हणाली. "माजा कोंबडा गेला, पाव्हणे गेले. मी बोलत न्हाई हिच्यासंगं, आन् आजून काय दिवस बोलनार बी न्हाई. पर शेठ, तुमचं अ‍ॅप चांगलं हाय म्हनून मी सांगती. हिनं एकाला अडवलं त्ये चोरून, आन् तिला घास गिळंना. तुमी बाकी समद्यांना अडवनार, आन् त्ये बोर्ड लावून, चिक्की वाटून. हिच्या दारात मी पातेलं घिऊन जाऊ शकते. उद्या तुमी माजंच अडवलं, तर तुंगार्लीत तुमाला कुटं हुडकू?"

"अहो, पण फुकट आहे ना!" पप्पूशेठ म्हणाले. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

"फुकट द्याचं तर समदं द्या," सारिका म्हणाली. "मंग मी सोता तुमच्यासाटी कोंबडा कापते."

पप्पूशेठ विचार करून सांगतो म्हणाले. अजून ते विचारच करतायत.

हात वर करून मत घेतलं. क्रिकेटवाली पोरं फुकटच्या बाजूनं राहिली, आणखीही काही हात त्या बाजूला होते, पण लाइन ज्योत्स्नाकडेच ठेवायची असं ठरलं. मात्र तिला एकटीला आता मशीनला हात लावू द्यायचा नाही, असं आबांनी सुचवलं. मशीनचा पासवर्ड दोन तुकड्यांत करायचा. अर्धा ज्योत्स्नाकडे. उरलेला अर्धा कुणाकडे यावर चर्चा लांबणार असं दिसताच आक्काबाई म्हणाल्या, "जिचा कोंबडा गेला तिच्याकडं." तोच ठराव झाला.

तालुक्याच्या मॅडमनी ज्योत्स्नाला समज दिली आणि वरच्या वाड्यांचं अनुदान काही महिने लांबवलं. त्याचा चटका खरा बसला तो वरच्या वाड्यांना. तिथली माणसं खाली बाजाराला आली की ज्योत्स्नाच्या ओट्यापुढं थांबून मोठ्यानं सुस्कारा सोडायची. ती ऐकून घ्यायची. पुढे कुणाचं काही अडवायचा विचारसुद्धा तिच्या मनात आला नसावा. आला असला तरी दोघींचं बोलणं बंद असल्यामुळे तो पार पडायची सोय नव्हती.

न बोलता पासवर्ड घालणं हा एक बघण्यासारखा प्रकार होता. मशीनचं काही काम निघालं की ज्योत्स्ना सारिकाच्या कुंपणापाशी जाऊन नुसती खोकायची. दोघी पुढंमागं चालत पंचायतीत यायच्या. ज्योत्स्ना आपला अर्धा पासवर्ड घालायची आणि भिंतीकडं तोंड करायची. मग सारिका आपला घालायची. एकदा चुकीचा पासवर्ड म्हणून मशीननं नकार दिला. दुसऱ्यांदाही दिला. शेवटी सारिकाच्या तोंडून निघून गेलं, "तुजाच चुकतोय."

"माझा कशाला चुकेल? तुझाच."

"मी कोंबड्याचं नाव घातलंय. मी कशी चुकंन?"

"कोंबड्याला नाव होतं?" ज्योत्स्ना वळली. तिचा चेहरा एवढा पडला होता, की सारिकाला हसू आवरेना. तिथून बोलणं सुरू झालं. आबांना पासवर्ड बदलायला लावावा लागला, कारण ही गोष्ट गावभर झाली आणि कोंबड्याचं नाव शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक होतंच.

पुढच्या दिवाळीनंतर अनुदान आलं. दोघींनी मिळून वरच्या वाडीला लाइन नेली. वायरचं भेंडोळं सारिकाच्या खांद्यावर, आणि रस्ता असा की बकरीनंही विचार करावा. पहिलं कनेक्शन गोरख आबांचं. म्हातारा वाट बघून थकला होता. राउटरचा दिवा लागताच त्यांनी फोन पुढं केला आणि सगळ्यात आधी काय लावलं असेल, तर पप्पूशेठचा चिक्कीचा व्हिडिओ.

पप्पूशेठ कढईतला गूळ ढवळत होते. चित्र कुठंही अडखळलं नाही. गुळाचे बुडबुडेसुद्धा मोजून घ्यावेत इतकं स्वच्छ. सारिकानं ज्योत्स्नाकडे तिरक्या डोळ्यानं पाहिलं.

"चांगलं चाललंय न्हवं, आबा?" ज्योत्स्नानं विचारलं.

"लय भारी," गोरख आबा म्हणाले. "ह्यो मानूस कोन हाय गं? लय ग्वाड बोलतोय."

"आहेत एक शेठ," ज्योत्स्ना म्हणाली, आणि पुढच्या घराची वायर उचलली.